प्रीपेड कार्ड निवडताना : सातारा-सांगलीकरांचे अनुभव

माझी आई वाईला जुन्या वाड्यात एकटी राहते. तिच्याकडे बटणांचा साधा फोन आहे आणि स्वयंपाकघरात गेली की तो लागत नाही. कार्ड बदलावे का, हा प्रश्न मी साताऱ्यातील चार दुकानांत विचारला, पण प्रत्येकाने उत्तरादाखल रिचार्जचे दर तेवढे सांगितले. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवल्यापासून दराची चिंता मलाही आहेच. अठ्ठावीस दिवसांचा रिचार्ज वर्षात बारा नव्हे, तेरा वेळा करावा लागतो, हा हिशोब मी आता पाठ केला आहे. तरीही कार्ड कशावरून निवडावे, हे दरपत्रक पाहून मला ठरवता आलेले नाही.

म्हणून आपले अनुभव मागते आहे. गाव किंवा तालुका, फोन कोणता आणि तो दिवसभर कोठे वापरता, एवढे अवश्य लिहावे. तक्रार सांगताना कंपनीचे नाव घेऊ नये, ही विनंती. एका टॉवरखालचा दोष साऱ्या जिल्ह्याला लागू होत नाही आणि वाचणाऱ्याची उगाच दिशाभूल होते.

तासगाव तालुका, द्राक्ष बागायतदार

ताई, माझ्याकडे तीन कार्डे आहेत आणि त्यातले सर्वांत महत्त्वाचे कार्ड माझ्या खिशात नसून विहिरीवरच्या मोटारीच्या मोबाईल स्टार्टरमध्ये आहे. घरून फोन लावून मोटार चालू-बंद करता येते, त्यामुळे रात्रपाळीची थ्री-फेज वीज आली की अंधारात मळ्यापर्यंत जावे लागत नाही.

हे कार्ड घेताना मी पहिली चूक केली. घरात जे चांगले चालते तेच कार्ड आणून बसवले आणि स्टार्टरने ते घेतलेच नाही. माझा स्टार्टर जुना, टूजीवर चालणारा आहे. जिओची सेवा सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झाली ती थेट फोरजीवर, तिला टूजी नाही, ही साधी गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. दुसरी चूक अधिक महागात पडली. दुसऱ्या कंपनीचे कार्ड बसवले, ते छान चालले, पण त्यात कोणी बोलत नसल्यामुळे त्याची वैधता कधी संपते याकडे लक्षच राहिले नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर बागेला पाण्याची निकड असताना एका रात्री फोन लावला तर मोटार चालू होईना. स्टार्टर बिघडला असे समजून मी टॉर्च घेऊन दीड किलोमीटर चालत गेलो, पेटी उघडली, वायरी तपासल्या. पहाटे मुलाने नंबर तपासला, तेव्हा दोष मोटारीचा नसून रिचार्जचा असल्याचे कळले. तोवर वीज गेली होती आणि पाण्याची पाळी चुकली होती.

डिसेंबर २०२४ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने कंपन्यांना केवळ बोलणे आणि एसएमएस यांसाठीचा, डेटा नसलेला रिचार्ज ठेवणे बंधनकारक केले आणि अशा विशेष रिचार्जच्या वैधतेची कमाल मर्यादा ९० दिवसांवरून ३६५ दिवसांवर नेली. स्टार्टरच्या कार्डाला मी आता तोच रिचार्ज करतो आणि संपण्याची तारीख पेटीच्या झाकणावर आतून रंगाने लिहून ठेवतो. दुकानदार तो आपण होऊन सुचवत नाही, आपणच ‘डेटा नको’ असे सांगून मागावा लागतो. आणखी एक, रेंज तपासायची तर लोखंडी पेटीचे झाकण लावून तपासावी. उघड्या पेटीत तीन काड्या दिसतात आणि झाकण लावले की एक उरते.

जावळी तालुका, बामणोलीकडील शिक्षक

आमच्याकडे निवड करण्यास फारसा वाव नाही. शिवसागर जलाशयाच्या एका काठावर एक कंपनी लागते, तर लाँचने पलीकडे गेले की दुसरी, त्यामुळे दोन वेगवेगळ्या कंपन्यांची कार्डे हाच उपाय आहे. कमी वारंवारितेच्या लहरी डोंगरदऱ्यांत अधिक दूर जातात आणि भिंतीतूनही बऱ्यापैकी आत येतात, म्हणून फाइव्हजीच्या जाहिरातीपेक्षा आपल्या खोऱ्याकडे तोंड करून असलेला टॉवर कोणाचा आहे हे पाहावे. कंपन्यांनी आपल्या संकेतस्थळांवर कव्हरेजचे नकाशे दिले आहेत. प्रारंभी ते पाहावेत, मात्र आमच्या गावावर नकाशात रंग दिसतो आणि प्रत्यक्षात बोलणे अंगणातल्या फणसाखाली उभे राहूनच होते.

सातारा तालुका, सैनिकाची पत्नी

अपशिंगे मिलिटरीचे नाव सर्वांना ठाऊक आहे, पण आमच्या तालुक्यात सैन्यात माणूस असलेली घरे गावोगावी आहेत. त्या सर्वांसाठी लिहिते. यजमानांची बदली पहिल्यांदा जम्मू-काश्मीरला झाली, तेव्हा आम्ही त्यांच्या प्रीपेड कार्डावर ८४ दिवसांचा रिचार्ज करून निर्धास्त झालो होतो. गाडी जम्मूच्या हद्दीत शिरल्यावर फोन बंद पडला आणि पुढचे दोन दिवस ते पोहोचले की नाही हे आम्हाला कळले नाही. सासूबाईंनी त्या दोन दिवसांत धड जेवण केले नाही.

बाहेरच्या राज्यांतील प्रीपेड कार्डे तिकडे चालत नाहीत, पोस्टपेड चालतात, हा सुरक्षेसाठी केलेला नियम आहे आणि त्यात कंपनीचा दोष नाही. दुसऱ्या वेळी निघण्यापूर्वीच तोच नंबर पोस्टपेड करून घेतला. प्रीपेड की पोस्टपेड हा प्रश्न आपण दरावरून सोडवतो, परंतु माणूस कोठे जाणार आहे हे त्याआधी विचारावे, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

खानापूर तालुका, विट्याजवळचे गाव

आमच्या भागातील घरटी एक तरी माणूस गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायासाठी परराज्यात असतो. पूर्वी राज्य बदलून तिकडचे कार्ड घ्यायचे म्हणजे नंबर बदलावा लागे, मग गिऱ्हाईक, बँक, पाहुणे सर्वांना नवा नंबर कळवत बसा. जुलै २०१५ पासून तोच नंबर देशभर कोठेही नेता येतो. मी केरळमध्ये पोर्ट केले, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलली. पोर्ट हा शब्द आणि आपला नंबर १९०० वर पाठवला की आठ अक्षरांचा कोड येतो, तो चार दिवस चालतो. सध्याच्या कंपनीकडे किमान ९० दिवस झालेले असावे लागतात. राज्यांतर्गत काम तीन कामकाजी दिवसांत होते, परराज्यात पाच.

माझे नुकसान माझ्याच घाईमुळे झाले. नवा रिचार्ज केल्यावर आठवड्याच्या आत मी पोर्ट केले आणि उरलेले अकरा आठवडे वाया गेले, कारण शिल्लक रक्कम किंवा वैधता नव्या कंपनीकडे जात नाही. वैधता संपत आली असतानाच पोर्ट करावे आणि बदल होईल त्या काही तासांत बँकेचा ओटीपी लागणारा व्यवहार ठेवू नये.

सांगली शहर, गावभाग

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी धोक्याच्या ४५ फुटांच्या कितीतरी वर गेली होती आणि आम्ही सहाजण पहिल्या मजल्यावर अडकलो होतो. घरात चार फोन होते, पण चारही एकाच कंपनीचे, कारण आपापसात बोलणे स्वस्त पडावे म्हणून कधीकाळी तसे ठरवले होते. दुसऱ्या दिवशी चारही एकदम मुके झाले. टॉवरची वीज गेली की तो बॅटरी आणि जनरेटरवर चालतो, आणि डिझेल पोहोचवण्यास रस्ताच नसेल तर तोही थांबतो. शेजारच्या काकूंचे कार्ड दुसऱ्या कंपनीचे होते, ते गच्चीच्या एका कोपऱ्यात अधूनमधून लागे. वडिलांची मधुमेहाची औषधे संपत आली आहेत, हा निरोप बोटवाल्या पथकापर्यंत त्याच फोनवरून गेला. काकूंची वैधता त्याच आठवड्यात संपणार होती. दुकाने पाण्यात होती. वैधता संपली असती तर आम्ही कोणाला हाक मारणार होतो, हा विचार आजही मनातून जात नाही.

आता आमच्या घरात दोन कंपन्या आहेत आणि जुलै महिन्यात कोणाचीही वैधता संपणार नाही अशा बेताने जूनमध्येच लांब मुदतीचे रिचार्ज होतात.

मिरज, निवृत्त कर्मचारी

एवढेच लिहितो की, न मागितलेल्या कॉलर ट्यूनचे पैसे कापले जाऊ लागले तर १५५२२३ या क्रमांकावरून ती सेवा बंद करता येते. कंपनीकडे तक्रार १९८ वर करावी आणि तक्रार क्रमांक कागदावर लिहून घ्यावा. तो नसेल तर पुढे अपील करताना अडचण होते.

धागा सुरू करणारी, सातारा

तासगावच्या दादांचे झाकण लावून रेंज तपासण्याचे वाचले आणि रविवारी वाईला गेले. सोबत दोन शेजारणी होत्या, तिघींची कार्डे तीन कंपन्यांची. पडवी, माजघर आणि आईच्या गॅससमोरची जागा अशा तिन्ही ठिकाणी, दारे लोटून घेऊन, आम्ही एकमेकींना फोन लावले. दगडी भिंतींच्या आड आईच्या सध्याच्या कंपनीचा आवाज माजघरातच तुटत होता. एका कार्डावर मात्र गॅससमोरही बोलणे स्वच्छ ऐकू आले, आणि ते कार्ड तिघींतले सर्वांत स्वस्त नव्हते.

आईची वैधता पुढच्या मंगळवारी संपते, म्हणून विट्याच्या सभासदांचे म्हणणे मानून आजच १९०० वर संदेश पाठवला आणि कोडही आला. उद्या आधार कार्ड घेऊन आईला दुकानात नेणार आहे. तिचा बटणांचा फोनही बरोबर घेऊ, कारण शेजारणीचा फोन स्मार्टफोन होता आणि आईच्या फोनमध्ये ते कार्ड चालते का, हे पैसे देण्यापूर्वी तेथेच पाहायचे आहे.