शेगडी वाईला आणली आणि तवा काळा पडू लागला

ओट्यावरची

नमस्कार. प्रश्न गॅसच्या शेगडीचा आहे. जरा लांबण लागेल, कारण आधी काय काय करून झालं ते सांगितलं नाही तर सगळे "बर्नर धुवा" एवढंच म्हणतील. बर्नर धुतलेत. चारदा.

मे महिन्यात आम्ही चिंचवडचं बिऱ्हाड हलवून वाईला सासू-सासऱ्यांकडे आलो. इथे त्यांची दोन बर्नरची जुनी स्टीलची शेगडी होती, तिचा एक नॉब पकडीने फिरवावा लागायचा. म्हणून माझी तीन बर्नरची काचेची शेगडी ओट्यावर चढली आणि जुनी भंगारात गेली. (निर्णय माझा. रोज ऐकते आहे.)

चिंचवडला सहा वर्षं हीच शेगडी, निळीशार ज्योत, एक तक्रार नाही. तिथे गेली पाच वर्षं सिलिंडरच्या भानगडीतही पडावं लागलं नाही. इथे पहिल्या दिवसापासून ज्योत पिवळी. टोकाला जराशी पिवळी असती तर बोलले नसते. ही समईसारखी पिवळी, उंच आणि मंद केली तरी लवलवणारी. कुकरचं बूड काळं, तवा काळा, दूध तापवायचं पातेलं तर ओळखू येत नाही. फुलका आचेवर टाकला की कडेला काजळी धरतो. सासरे काल म्हणाले, "पोळीला वास येतोय." काही बोलले नाहीत पुढे, पण भाताकडे वळले.

आतापर्यंतचे उपाय: बर्नर गरम पाणी, सोडा, लिंबू यांत रात्रभर ठेवून, घासून, उन्हात वाळवून लावले. सासूबाईंनी रॉकेलच्या स्टोव्हची पिन काढून दिली (स्टोव्ह जाऊन वीस वर्षं झाली, पिन आहे!). तिने बर्नरची भोकं साफ केली, आणि नवऱ्याने खाली वाकून जेटमध्येही घातली. दोन सिलिंडर बदलून झाले. रेग्युलेटर एजन्सीने बदलून दिला. बाजारातल्या एका दुरुस्तीवाल्याला बोलावलं, त्याने खालची हवेची पत्री पूर्ण उघडली, ३५० रुपये घेतले आणि "आजकाल गॅसच भेसळीचा येतो" म्हणून गेला. आता ज्योत पिवळी तर आहेच, वर फसफस आवाजही करते.

शिवाय टाकी २६ दिवसांत संपली. पूर्वी घरात दोघंच होती, आता पाच माणसं, म्हणून त्याचं काही वाटलं नाही. पण बाकीच्याचं काय? नवी शेगडी घ्यायची का?

खमंग

तुमचे उपाय वाचून हात जोडले. तरी एक शंका. बर्नरखाली जी आडवी नळी असते, जिच्यातून गॅस आणि हवा मिसळून वर येते, ती आतून बघितली का? सामान हलवताना शेगडी महिनाभर खोक्यात पडली असेल तर त्यात कोळी जाळं करतो, झुरळं तर विचारूच नका. माझ्या शेगडीतून एकदा अख्खं कुंभारणीचं घर निघालं होतं, वाळलेल्या मातीचं. बाटली धुवायचा बारीक ब्रश घालून बघा.

आणि हे सांगा की तिन्ही बर्नर सारखेच पिवळे आहेत का?

ओट्यावरची

नळ्या बघितल्या, स्वच्छ आहेत. खोक्यात दोनच दिवस होती. आणि हो, तिन्ही सारखेच. लहान बर्नरसुद्धा.

मिरजेचा मिस्त्री

ताई, तुमचं उत्तर तुम्हीच लिहून ठेवलंय बघा. "चिंचवडला सिलिंडरच्या भानगडीत पडावं लागलं नाही." म्हणजे तिथं पाइपचा गॅस होता ना?

मी २२ वर्षं शेगड्या खोलतोय. एक बर्नर पिवळा असेल तर कचरा, पाणी, तुटलेला बर्नर, जाळं, जे म्हणाल ते. पण तिन्ही एकदम, सारखेच आणि गाव बदलल्या दिवसापासून? तीन ठिकाणी एकाच दिवशी कचरा बसत नसतो. तिघांचं काहीतरी एक आहे. रेग्युलेटर बदलला, टाकी बदलली. राहिलं काय? जेट.

शेगडी उलटी केली की नॉबच्या मागं गॅसकॉक दिसतो. त्याच्या टोकाला पितळेचा एवढासा तुकडा असतो, हरभऱ्याच्या दाण्याएवढा, मधोमध बारीक भोक. ते जेट. पाइपचा गॅस घरात साधारण २१ मिलिबार दाबानं येतो, टाकीचा रेग्युलेटरमधनं ३० ला. त्यात टाकीचा गॅस जास्त ताकदीचा, तेवढ्याच गॅसात पाइपच्या गॅसच्या दुपटीहून जास्त उष्णता. म्हणून पाइपचं कनेक्शन घेताना फिटर शेगडीचे जेट काढून मोठ्या भोकाचे लावतो. ते तुमच्या शेगडीत अजून आहेत. आता त्या मोठ्या भोकातनं टाकीचा गॅस जादा दाबानं येतोय. तेवढ्या गॅसला पुरेल एवढी हवा ती नळी ओढूच शकत नाही. अर्धवट जळतो, म्हणून पिवळा. न जळलेलं ते तुमच्या तव्यावर बसतं. २६ दिवसांत टाकी संपली त्यात पाच माणसांचाच दोष नाही.

गॅसला नावं ठेवणाऱ्या त्या भल्या माणसानं हवेची पत्री उघडली, त्यानं रोग गेला नाही, ज्योत मात्र बर्नर सोडून उचलायला लागली. फसफस त्याचीच.

आता ऐका. ही शेगडी आजपासून बंद. हसण्यावारी नेऊ नका. अर्धवट जळण्यात कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वास नाही, रंग नाही. खिडकी लावून सकाळी पाणी तापवत असाल तर त्याआधी बंद करा. दोन दिवस इंडक्शन वापरा, शेजारून आणा, काहीही करा.

आणि साहेबांना सांगा, पिन बर्नरला चालते, जेटला नाही. पितळ मऊ असतं. एकदा भोक वाकडं किंवा मोठं झालं की जेट बाद. ते सुईनं नाही, फुंकून साफ करायचं, नाहीतर बदलायचं. कुणी भोक झाळून लहान करून देतो म्हणाला तर त्याला दारातनंच परत पाठवा.

शेवटचं. पाइपवाला फिटर जुने जेट बहुतेक वेळा मालकिणीच्या हातात देतो, पुडीत बांधून. आठवतंय का काही?

ओट्यावरची

काका, अंगावर काटा आला. हो, पाइपचा गॅस होता. लग्नानंतर वर्षभराने आला. एक मुलगा येऊन शेगडीचं काहीतरी करून गेला होता, मी तेव्हा ऑफिसात. पुडीचं काही आठवत नाही. शोधते.

शेगडी बंद केली आहे. मेहुण्याची इंडक्शन आणली, त्यावर सासूबाईंचं एकही पातेलं चालत नाही.

निवृत्त_अकोला

मिस्त्रींनी बरोबर नाडी पकडली. जेट बदलेपर्यंत वेळ आहे तर तुमच्या टाकीकडेही एक नजर टाका, कारण तुम्ही पाच वर्षं टाकीशिवाय काढली आहेत, आणि सवय मोडली की माणूस साध्या गोष्टी विसरतो. मी विसरलो होतो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलाकडे राहून परत आलो, नवी टाकी लावली, रात्री घराला तो कुजका वास. गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून तो वास मुद्दाम घातलेला असतो. नळीला साबणाचं पाणी लावलं, बुडबुडा नाही. शेगडीला लावलं, नाही. रेग्युलेटर काढला की वास बंद, लावला की सुरू. शेवटी टाकीच्या तोंडात टॉर्च मारून पाहिलं तर आतली काळी रबरी रिंग नव्हतीच. पाच-दहा रुपयांची वस्तू. तेव्हापासून टाकी घेताना टोपी काढून ती रिंग बघतो, डिलिव्हरीच्या मुलाला रेग्युलेटर लावून, वास घेऊन दाखवायला सांगतो. तो चिडतो. चिडू दे.

त्या रात्री मी एकच शहाणपण केलं, ते म्हणजे बटणाला हात लावला नाही. पंखा नाही, दिवा नाही. रेग्युलेटर बंद केला, टाकीवर टोपी बसवली, दारं-खिडक्या उघडल्या आणि बाहेरच्या ओसरीत जाऊन १९०६ ला फोन लावला. टाकीचा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. त्यामुळे नुसती वरची खिडकी उघडून भागत नाही, दार उघडावं लागतं. तुमच्या पाइपच्या गॅसचं उलट होतं, तो हलका, वर जातो. ओट्याखालच्या कपाटात टाकी असेल तर त्या कपाटाच्या दाराला तळाशी जाळी किंवा भोकं आहेत का बघा. आमच्या सुताराने सगळं गुळगुळीत बंद करून दिलं होतं, दिसायला सुंदर.

टाकीच्या वरच्या कड्याच्या पट्टीवर आतून एक अक्षर आणि आकडा असतो. सी-२७ असेल तर जुलै ते सप्टेंबर २०२७ मध्ये तिची तपासणी आहे. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, तसं पुढे डी पर्यंत. तारीख उलटून गेलेली टाकी घेऊ नका.

खमंग

आणि नळीची तारीख! शेगडी चिंचवडची, मग नारिंगी नळीपण तिथलीच आणली असेल तर काढून टाका. पाच वर्षांत बदलायचीच, वरून चांगली दिसली तरी. आणि कृपा करून तिला फडक्याचा झगा शिवू नका. उंदराने कुरतडलं तरी कळत नाही मग.

ओट्यावरची

पुडी सापडली!!

शिवणाच्या डब्यात होती, बटणांबरोबर. वर्तमानपत्राचा तुकडा, त्याला रबर, आत पितळेचे तीन दाणे, दोन सारखे, एक त्याहून लहान. मी गेली पाच वर्षं ते नवऱ्याच्या स्कूटरचे समजत होते. नवरा ते माझ्या शिवणाच्या मशिनचे समजत होता. माझ्याकडे शिवणाचं मशिन नाही.

काल एजन्सीला फोन करून त्यांचाच मेकॅनिक मागवला, कारण मिस्त्रीकाकांचं वाचल्यावर बाजारातल्या त्या गृहस्थाला परत बोलावायची छाती झाली नाही. त्याने काच न काढता शेगडी उलटी करून नळ्या सरकवल्या आणि पाना लावून एकेक जेट काढला. मी ते दोन्ही जेट हातात घेऊन खिडकीकडे धरून पाहिले. पाइपच्या जेटमधून उजेडाचा ठिपका सरळ दिसतो. टाकीच्या जेटमध्ये आधी काहीच दिसेना, डोळ्याशी धरून फिरवल्यावर टाचणीच्या टोकाएवढा उजेड आला. एवढ्याशा फरकासाठी मी पाच आठवडे तवा घासत होते.

नवऱ्याने पिन घातलेल्या पाइपच्या जेटपैकी एक खरंच वाकडा निघाला. मेकॅनिकने तो बघून नवऱ्याकडे बघितलं. नवरा दूध आणायला गेला.

हवेची पत्री परत अर्धी लावली, सगळ्या सांध्यांना साबणाचा फेस लावला, नॉबच्या आत ग्रीस भरलं. नळीवर तारीख शोधली तर ती गेल्या ऑक्टोबरलाच संपलेली. नवी घातली. टाकीतली रबरी रिंग आहे, अकोल्याच्या काकांचे आभार. कपाटाला मात्र तळाशी भोकं नव्हती. सासऱ्यांनी संध्याकाळी ड्रिल काढलं. टाकी आधी मागच्या अंगणात नेऊन ठेवली, मगच, हे आवर्जून लिहिते.

ज्योत निळी! आत गडद निळ्या टोप्या ओळीने उभ्या, आवाज नाही. फक्त मोठ्या बर्नरवर मधूनच नारिंगी ठिणगी चमकून जाते. ते काय?

मिरजेचा मिस्त्री

ते काही नाही. नारिंगी ठिणगी म्हणजे धूळ, नाहीतर उतू गेलेल्याचं मीठ जळतं. ओट्यावर झाडू मारला तरी होतं. पिवळं स्थिर असेल आणि भांडं काळं करत असेल तरच घाबरायचं. पांढरं फडकं घेऊन पातेल्याच्या बुडावर फिरवा, स्वच्छ निघालं की झालं.

काचेची शेगडी आहे म्हणून सांगतो. बर्नरच्या पलीकडं पसरणारी मोठी परात किंवा तवा तासभर ठेवू नका, खालची उष्णता काचेवर परत मारते. तापलेल्या काचेवर ओलं फडकं तर अजिबात नको. दूध उतू गेलं तर आधी निवू द्या, जीव वर-खाली झाला तरी. नॉबला घरचं गोडंतेल घालू नका, ते चिकटून बसतं. रात्री झोपताना रेग्युलेटर बंद.

ओट्यावरची

फडकं पांढरं निघालं. सासऱ्यांनी आज चार फुलके खाल्ले.

एक विचारायचं राहिलं. ते पाइपचे जेट आता टाकून देऊ ना? इथेही म्हणे पाइप यायचाय कधीतरी.

मिरजेचा मिस्त्री

वाकडा टाका, बाकीचे दोन ठेवा. पण पुडीवर लिहून ठेवा कशाचे ते.

ओट्यावरची

लिहिलं. नवऱ्याच्या अक्षरात आहे: "पाइपच्या गॅसचे. स्कूटरचे नाहीत."