‘रश’ पाहून तुमच्या मनात काय राहिलं? (अनुभव धागा)

मंडळी,

ऑगस्टची एक तारीख जवळ आली की मला फॉर्म्युला वन ड्रायव्हर निकी लाउडा आठवतो. १९७६ साली याच दिवशी जर्मनीतल्या न्यूरबुर्गरिंग ट्रॅकवर त्याची फेरारी पेटली होती. त्या वर्षीच्या लाउडा विरुद्ध जेम्स हंट या विजेतेपदाच्या लढतीवर रॉन हॉवर्डने काढलेला ‘रश’ मी २०१३ साली कोथरूडला थिएटरात पाहिला. आमच्या घरी रविवारी संध्याकाळी साडेपाच म्हणजे चहा आणि स्टार स्पोर्ट्सवर रेस, हे तेव्हा वर्षानुवर्षं ठरलेलं होतं. त्यामुळे हा सिनेमा मी पाहुण्यासारखा पाहूच शकलो नाही.

जपानमधल्या फुजीचा प्रसंग आला. मोसमाची शेवटची रेस, धो धो पाऊस, समोरचं दिसत नाही. लाउडाकडे तीन गुणांची आघाडी. दोन फेऱ्या मारून तो पिटमध्ये, म्हणजे गाड्या थांबायच्या जागी येतो, गाडीतून उतरतो आणि विजेतेपद तिथेच सोडून देतो. तेवढ्यात माझ्या मागच्या रांगेतून एकजण म्हणाला, “घाबरला.”

तो शब्द मला आजही टोचतो. म्हणून हा धागा. तो प्रसंग पाहताना तुम्हाला काय वाटलं? तुमच्या आयुष्यात असं काही घडलंय का? ट्रॅकवर, रस्त्यावर, कारखान्यात, कुठेही. सविस्तर लिहा, घाई नाही.

आकडेवाला, सदाशिव पेठ

आधी थोड्या नोंदी, कारण सिनेमा पाहून बऱ्याच जणांच्या डोक्यात चुकीचं बसलंय.

हंट आणि लाउडा एकमेकांचे वैरी नव्हते. फॉर्म्युला थ्रीच्या, म्हणजे खालच्या पायरीवरच्या रेसिंगच्या दिवसांपासूनची त्यांची ओळख आणि चांगली मैत्री. हंट पत्रकाराला बदडतो तो प्रसंगही कल्पित आहे. सिनेमाला संघर्ष लागतो हे मी समजू शकतो, पण खरी गोष्ट मला जास्त आवडते. दोन मित्र एका विजेतेपदासाठी वर्षभर झुंजले आणि मित्रच राहिले.

दुसरं. त्या दिवशी लाउडाला आगीतून काढलं ते इतर ड्रायव्हरांनी. आर्तुरो मेर्झारिओ, गाय एडवर्ड्स, ब्रेट लंगर आणि हाराल्ड एर्टल. जवळपास २३ किलोमीटरचा ट्रॅक, मदतीची गाडी सगळीकडे वेळेत पोचणं अशक्य. हे चौघं स्वतःच्या गाड्या सोडून ज्वाळांत शिरले. पट्टा सोडवला तो मेर्झारिओने. ही चार नावं प्रत्येक रेसप्रेमीला तोंडपाठ असायला हवीत असं माझं ठाम मत आहे.

आता ‘घाबरला’बद्दल. फुजीला गाडी सोडणारा लाउडा एकटा नव्हता. एमर्सन फिटिपाल्डी, कार्लोस पाचे आणि लॅरी पर्किन्स यांनीही पावसामुळे रेस सोडली. आणि फेरारीच्या माणसांनी लाउडाला सुचवलं होतं, की आपण इंजिनात बिघाड झाला असं सांगू. तो नको म्हणाला. मी स्वतः थांबलो, असंच सांगायचं. हंट तिसरा आला, चार गुण मिळाले, ६९ विरुद्ध ६८. एका गुणाने विजेतेपद गेलं आणि सबब हाताशी असून त्याने ती वापरली नाही. त्या मागच्या रांगेतल्या माणसाला कधी भेटलात तर एवढंच सांगा.

धागाकर्ता

इंजिनाची ती गोष्ट मला ठाऊक नव्हती. आभार. थांबणं एक, आणि मी थांबलो असं म्हणणं दुसरं.

जळीत वॉर्डातली सिस्टर

मला रेसिंगमधलं काही कळत नाही. मुलाने हट्ट धरला म्हणून घरी लॅपटॉपवर पाहिला. मी अकरा वर्षं पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या जळीत विभागात काम केलं, त्यामुळे मला दुसरंच दिसलं.

फुप्फुसं साफ करायला नळी घालतात तो प्रसंग मुलाने डोळे झाकून काढला. मी पाहिला. आगीत सापडलेल्या माणसाची कातडी सगळ्यांना दिसते, पण धूर आणि गरम वायू आत गेलेले असतात ते दिसत नाहीत. जीव जातो तो बऱ्याचदा त्याने. लाउडाचंही तेच झालं होतं, पाद्रीने शेवटची प्रार्थनासुद्धा म्हटली होती.

पण मी रडले ते वेगळ्या ठिकाणी. तो पट्ट्या बांधलेल्या डोक्यावर हेल्मेट चढवायचा प्रयत्न करतो तिथे. ड्रेसिंग चिकटतं म्हणजे काय हे ज्याने सोडवलंय त्यालाच माहीत. आम्ही सलाइनने भिजवत भिजवत, कडेकडेने, एक एक पदर सुटा करायचो. एक पट्टी निघायला वीस वीस मिनिटं. पेशंट खाटेची दांडी धरून बसायचा, बोटं पांढरी पडायची. आणि हा माणूस त्याच जखमांवर घट्ट हेल्मेट ओढून ताशी अडीचशे-तीनशेच्या वेगाने गाडी चालवतो. अपघातानंतर ४२ दिवसांत. माझे पेशंट ४२ दिवसांनी आरशासमोर उभे राहिले तरी आम्ही आनंद मानायचो.

त्या इटलीतल्या मोंझाच्या रेसला तो चौथा आला असं मुलाने सांगितलं. मी विचारलं, हेल्मेट काढताना कोण होतं त्याच्याजवळ? त्याला सांगता आलं नाही. मला मात्र अजून तेच जाणून घ्यायचंय.

पिंपरी, निवृत्त

सिस्टर, तुमचं वाचून थोडा वेळ काही लिहवेना.

मी ३४ वर्षं इंजिन असेंब्लीला होतो. लाउडा मला आवडतो तो आगीच्या आधीचा. नवीन आलेला माणूस फेरारीची गाडी चालवून बघतो आणि मालकाच्या माणसांना तोंडावर सांगतो, ही गाडी बरोबर नाही. मग मिस्त्र्यांच्या बरोबरीने रात्र रात्र बसतो. आमच्याकडे असे दोन-तीनच लोक होते. इंजिनावर नुसता हात ठेवून सांगायचे, तीन नंबरचा टॅपेट बघ. फट मोजायचं फिलर गेज लावावं तर खरंच पातं सैल जायचं.

एकदा नट किती घट्ट बसला ते दाखवणाऱ्या टॉर्क रेंचचा नेम चुकतोय असा मला संशय आला आणि मी लाइन थांबवली. शिफ्टच्या शेवटच्या तासाला. माझ्यामागे माणसं उभी, कोटा अपुरा, सुपरवायझर काही न बोलता नुसता बघत होता. त्या पाच मिनिटांत माझी काय अवस्था झाली होती ते मीच जाणतो. रेंच खरंच चुकीचा दाखवत होता. पण नसता दाखवत, तरीही मी थांबवलं ते बरोबरच होतं, एवढं समजायला मला पुढची दहा वर्षं लागली.

बुद्ध सर्किट २०११

थोडक्यात लिहितो. ३० ऑक्टोबर २०११ ला भारतातली पहिली फॉर्म्युला वन रेस बघायला ग्रेटर नोएडाला होतो. पुण्याहून आम्ही सहाजण रेल्वेने गेलो होतो. व्ही-८ इंजिनांचा पहिला आवाज छातीत घुसला तेव्हा शेजारच्या मित्राने माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी वळ दिसत होता. ‘रश’ थिएटरात पाहताना त्याने पुन्हा तोच दंड धरला. भारतात ती रेस तीनच वर्षं झाली, तिन्ही वेळा सेबास्टियन फेटल जिंकला. मैदान तिथंच आहे, रेस नाही, याचं दुःख अजून जात नाही.

मोटोक्रॉसवाला, हडपसर

माझा हंट कोल्हापूरचा होता.

आम्ही दोघं एकाच गटात धावायचो. पुण्यात कुठे मातीचा ट्रॅक बांधला की तो बाइक टेम्पोत टाकून यायचा. तीन मोसम आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. गेट पडलं की पहिल्या वळणाला आत कोण शिरतो, एवढंच आमचं संभाषण. तो पुढे असला की त्याच्या मागच्या चाकाची माती माझ्या तोंडावर. ती चव मला आजही आठवते, लाल माती आणि टू-स्ट्रोकचं तेल.

एका रविवारी पहिल्या मोटोत, म्हणजे दिवसाच्या दोन फेऱ्यांतल्या पहिल्या शर्यतीत, मी पहिला, तो दुसरा. दुसऱ्या मोटोला वीस मिनिटं उरलेली आणि माझी क्लच केबल तुटली, लिव्हरजवळ, तारा उसवून. जादा केबल नव्हती. मी बाइकजवळ मांडी घालून बसलो होतो. कुणीतरी समोर येऊन उभं राहिलं. वर पाहिलं तर तो, हातात नवी केबल. “सरक जरा,” म्हणाला. स्वतः बसला, जुनी काढली, नवी ओवली, लिव्हरचा खेळ दोन बोटांनी तपासला, हात पँटला पुसले आणि निघून गेला. दुसऱ्या मोटोत त्याने मला मागे टाकलं. एकूण निकालात तो पहिला आला. केबल दिली नसती तर आरामात जिंकला असता. पण तसं जिंकायचं त्याला नको होतं.

सिनेमात मोंझाला हंट लाउडाला भेटतो. या अपघाताला मी जबाबदार आहे असं त्याला वाटत असतं. लाउडा म्हणतो, मी परत गाडीत बसलो त्यालाही तूच जबाबदार. तिथे मी थिएटरात बसल्या बसल्या त्याला मेसेज केला. दोनच शब्द, ‘केबल आठवते?’ मध्यंतरात उत्तर आलं, ‘तिचे पैसे तुझ्याकडून यायचे राहिलेत.’

आता तो पुण्याला आला की आमच्याकडेच उतरतो. त्याची मुलगी शर्यतीत धावते. तिच्या बाइकची केबल मी बसवतो.

वय २२, वाकड

मी २०२१ पासून बघायला लागले. हॅमिल्टन आणि व्हर्स्टापेन शेवटच्या रेसला प्रत्येकी ३६९.५ गुणांवर, तिथून वेड लागलं. त्यामुळे लाउडा मला आधी जुन्या क्लिपमधला, मर्सिडीजच्या गॅरेजमधला लाल टोपीवाला म्हातारा म्हणूनच माहीत होता. हॅमिल्टनला मर्सिडीजमध्ये आणण्यात त्यांचा मोठा वाटा होता हे नंतर वाचलं. ‘रश’ उशिरा पाहिला. मग परत जुन्या क्लिप बघितल्या आणि प्रत्येक वेळी टोपीखालचा तो जळालेला कान दिसायला लागला. १९८४ ला ते अर्ध्या गुणाने विजेते झाले हे कळल्यावर फार बरं वाटलं. फुजीला एक गुण गेला होता ना.

सातारा रोड

शेवटी माझ्या बाबांबद्दल लिहिते. त्यांना रेसिंगचा गंधही नाही.

मी नववीत होते. जूनमधलं लग्न, साताऱ्याला, मामेबहिणीचं. पुण्याहून निघालो तेव्हा नुसतं आभाळ होतं, खंबाटकी घाटाच्या पायथ्याला पाऊस असा कोसळला की पुढच्या ट्रकचा लाल दिवाही दिसेना. आमची मारुती ८००. नेमका बाबांच्या बाजूचा वायपर अर्ध्यावर येऊन अडकायला लागला. ते खिडकीतून हात बाहेर काढून फडक्याने काच पुसत होते. पुसली की दोन सेकंद रस्ता दिसायचा, परत पाणी.

चढ सुरू व्हायच्या आधी त्यांनी गाडी कडेला घेतली, पार्किंगचे दिवे लावले आणि म्हणाले, “मी जाणार नाही पुढे.” आई म्हणाली, अहो, मुहूर्त. बाबा काही बोलले नाहीत. बाजूने टेम्पो, एसट्या हॉर्न देत वर जात होत्या. आम्ही दीड तास तिथे बसलो. अक्षता चुकल्या. मांडवात पोचलो तेव्हा पंगत उठत होती आणि थोरल्या मामांनी सगळ्यांसमोर विचारलं, “दाजी, घाबरलात होय?” बाबा म्हणाले, “हो. दिसत नव्हतं.” पुढे कित्येक वर्षं प्रत्येक लग्नात ही गोष्ट निघायची आणि मला लाज वाटायची. बाबांची लाज वाटायची, हे आज लिहिताना हात थरथरतो.

‘रश’ मी त्यांना दाखवायला नेला, नवऱ्याला ऑफिसचं काम निघालं आणि तिकीट वाया जाईल म्हणून. फुजीच्या प्रसंगात बाबा पुढे सरकून बसले. बाहेर आल्यावर पार्किंगमध्ये गाडीपाशी थांबले. मला वाटलं दमले.

“त्याच्या पापण्या जळल्या होत्या ना?” त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. डोळ्यांची नीट उघडझाप होत नव्हती, पाणी यायचं.

“म्हणजे बाहेरून पाऊस आणि आतूनही पाणी,” ते म्हणाले. “आणि पुसायला हात आत जाणार नाही, हेल्मेट असतं.” मग चावी लावून त्यांनी दोन्ही वायपर एकदा चालवून पाहिले. काच कोरडी होती.