अ‍ॅबिलीनने गुरांचा बाजार हाकलला, ते बरोबर की चूक?

गाडीवान:
कॅन्ससमधलं अ‍ॅबिलीन म्हणजे १८६७ पर्यंत रुळांकडेची चार खोपटी. इलिनॉयचा गुरांचा व्यापारी जोसेफ मॅकॉय तिथे आला, रुळालगत कोंडवाडे बांधले, मुक्कामाला हॉटेल काढलं आणि टेक्सासच्या गुराख्यांना सांगावा धाडला. ५ सप्टेंबरला २० वाघिणी भरून गुरं शिकागोकडे निघाली. पहिल्याच हंगामात ३५ हजारांच्या आसपास! टेक्सासात चार डॉलरला मिळणारा बैल उत्तरेत दसपटीने जायचा. आणि फेब्रुवारी १८७२ मध्ये याच गावाने पत्रक काढलं: यंदा दुसरीकडे जा. शुद्ध करंटेपणा.

नांगरट:
करंटेपणा कसला? टेक्सासची लांबशिंगी गुरं स्वतः ठणठणीत, पण ती जिथून जात तिथल्या शेतकऱ्यांची जनावरं तापाने पटापट मरत. हे गोचिडीमुळे होतं हे सिद्ध व्हायला १८९३ उजाडलं, पण मेलेली गाय दिसायला शास्त्रज्ञ लागत नाही. शिवाय कायद्याने अ‍ॅबिलीन टेक्सासची गुरं आणायला बंदी असलेल्या पट्ट्यातच होतं. गव्हर्नरने काणाडोळा केला म्हणून धंदा चालला.

गाडीवान:
मग पाच हंगाम गुत्त्यांच्या परवान्यांचा पैसा बरा चालला?

नांगरट:
त्या गुत्त्यांपायीच तर मार्शल, म्हणजे गावचे पोलीसप्रमुख, ठेवावे लागले. १८७१ मध्ये त्यांतल्याच वाइल्ड बिल हिकॉकने एका चकमकीत स्वतःच्याच सहकाऱ्याला चुकून गोळी घातली. पत्रकवाल्या टी. सी. हेन्रीने पुढे हिवाळी गहू पिकवून दाखवला, तो बरा.

रात्रपाळी:
दोघंही रेल्वेला सोडून भांडताय. अ‍ॅबिलीनवरून जाणाऱ्या रेल्वे कंपनीने मॅकॉयला दर वाघिणीमागे पैसे कबूल केले आणि धंदा फुगल्यावर हात वर केले. बिचारा कोर्टात गेला. त्यात १८७१ मध्ये सँटा फे या दुसऱ्या रेल्वे कंपनीचे रूळ न्यूटनला पोचले, अ‍ॅबिलीनच्या दक्षिणेला साठेक मैलांवर. टेक्सासहून शेकडो मैल तंगडतोड करत आलेला माणूस पुढे कशाला जाईल? पत्रक निघालं नसतं तरी बाजार जाणारच होता.

गाडीवान:
जाणारच होता म्हणून आपणच ढकलायचा? पत्रकाच्याच वर्षी मॅकॉयने काढलेल्या ड्रोव्हर्स कॉटेज हॉटेलचा मोठा भाग उचकटून एल्सवर्थला नेला. गहू पिकेपर्यंत दुकानदारांनी काय खायचं?

रात्रपाळी:
एल्सवर्थ कुठल्या कंपनीच्या रुळावर होतं, ते बघा. अ‍ॅबिलीनच्याच! मालधक्का इथला काय, तिथला काय, तिला भाडं मिळतच राहिलं.