नकाशातली उत्तर म्हणजे 'वर' नाही, हे चौथीच्या मुलांना कसं समजवायचं?

गिरणाकाठ:
नमस्कार मंडळी. भडगाव तालुक्यात झेडपीच्या शाळेवर आहे, चौथीचा वर्ग. परवा परिसर अभ्यासच्या तासाला जळगाव जिल्ह्याचा नकाशा भिंतीवर लावला आणि विचारलं उत्तर कुठे, तर अर्ध्या वर्गाने छताकडे बोट केलं. बरं ते बाहेर नेऊन दाखवलं, पण मग एक मुलगी म्हणाली सर आपली गिरणा नकाशात खालून वर जाते, पाणी तर उताराने जातं ना, मग नदी वर कशी चढते? मी म्हटलं अगं वर नाही, उत्तरेला, तापीला मिळायला. तर म्हणे पण नकाशात वरच आहे. आणि तिला जे दिसतंय तेच ती सांगत होती, चूक काय तिची? दिशा सगळ्यांच्या पाठ आहेत, उगवतीकडे तोंड केलं की डावा हात उत्तर, झोपेतसुद्धा म्हणतील, पण हा कागद म्हणजे आपलीच जमीन आहे हे काही केल्या बसत नाही. तुम्ही कसं घेता? प्रोजेक्टर नाही, मैदान भरपूर आहे.

चौकटीची_वही:
सर आधी तो नकाशा भिंतीवरून काढा. मी कायम जमिनीवर अंथरते, नकाशातली उत्तर खऱ्या उत्तरेकडे करून, आणि मुलं भोवती बसवते. मग आपलं गाव शोधायचं, त्यावर बोट ठेवायचं आणि पाचोरा कुठल्या बाजूला ते हात लांब करून दाखवायचं. हात आणि नकाशा एकाच दिशेला गेले की त्यांच्या चेहऱ्यावरच कळतं.

पण जिल्हा खूप नंतर हो. माझ्याकडे सुरुवात पाण्याच्या बाटलीपासून होते. बाटली खाली ठेवायची, वरून बघायचं आणि जे दिसतं तेच काढायचं. बहुतेक जण उभी बाटलीच काढतात, बूच वगैरे सकट, कारण बाटली अशी असते हे त्यांना माहीत असतं. वरून नुसता गोल दिसतो हे कळायला अख्खा तास जातो, जाऊ द्या, तो तास वाया जात नाही. चित्र आणि नकाशा यातला फरक तिथेच कळतो. मग वर्ग पावलांनी मोजायचा, एक पाऊल म्हणजे गणिताच्या वहीतला एक चौकोन, म्हणजे प्रमाण हा शब्द न काढताच प्रमाण येतं. मग शाळा, मग गल्ली, मग गाव.

नदीसाठी मैदानात मुरमाचा ढीग करा, दक्षिणेला उंच आणि उत्तरेकडे उतरता, आणि मुलांच्याच हाताने तांब्याने पाणी सोडा. पाणी खाली पण येतं आणि उत्तरेला पण जातं, हे एकदम दिसलं पाहिजे.

ध्रुवतारा_२१:
मी शिक्षक नाही, आकाशदर्शनाचा नाद आहे म्हणून लिहितो. उगवतीकडे तोंड करून दिशा शिकवता त्यात एक गडबड आहे, सूर्य नेमका पूर्वेला फक्त २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास उगवतो, डिसेंबरात तुमच्याकडे तो जवळजवळ २५ अंश दक्षिणेकडे सरकलेला असतो. त्यापेक्षा मैदानात काठी रोवा, बारा ते एक दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडा ठेवायला सांगा. सगळ्यात आखूड सावली जिकडे पडली ती उत्तर. फक्त जून-जुलैत नका करू, तेव्हा आपल्याकडे दुपारचा सूर्य डोक्याच्या जरा उत्तरेला असतो, सावली उलटी पडते.

आणि रात्री घरच्यांबरोबर ध्रुव बघायला सांगा, थंडीत शर्मिष्ठा या तारकासमूहावरून सापडतो. तुमच्या भागात क्षितिजापासून साधारण २१ अंशांवर, म्हणजे हात लांब करून मुठीवर मूठ, दोन मुठी. त्याच्या बरोबर खाली जमिनीला टेकते ती उत्तर. छताकडे बोट परत जाणार नाही.

उधना_मुक्काम:
सर मी मूळचा अमळनेरचा, आता सुरतला. तुमच्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे काका-मामा इकडे असतील, खानदेशातली अर्धी घरं इकडे आहेत असंच वाटतं. गिरणेचं पाणी तापीत, तापी उकाई धरणातून सुरतला, आणि आम्ही इथे तापीचंच पाणी पितो. रेल्वेपण त्याच बाजूने येते, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर, उधना, ही स्टेशनं मुलांना पाठ असतात. त्यांना स्टेशनं सांगू द्या आणि तुम्ही खडूने जमिनीवर मांडत जा. मला लहानपणी कोणी सांगितलं असतं की आपल्या नदीचं पाणी आणि आपली माणसं एकाच गावाला जातात, तर भूगोल इतका परका वाटला नसता.

गिरणाकाठ:
आठ दिवसांनी लिहितोय, सगळ्यांचे मनापासून आभार. काठीचा प्रयोग झाला, साडेबाराच्या आधी चार-पाच मिनिटं सगळ्यात आखूड सावली मिळाली, तिथे चुन्याने पक्की रेघ मारून ठेवलीय. मुरमाचा ढीग काल केला. त्याच मुलीने पाणी ओतलं, पाणी उत्तरेला गेलं, तर तिचा पुढचा प्रश्न तयार, मग तापीला मिळाल्यावर असंच सरळ पुढे का नाही जात? म्हटलं तिकडे काय आहे सांगा. सातपुडा! लगेच दगड आणून रांग लावली. परत पाणी सोडलं तर दगडांपाशी नुसतं डबकं साचलं. मी काही बोलायच्या आत एका मुलाने पश्चिमेकडची माती बोटाने खरवडून वाट केली, पाणी हळूहळू तिकडे निघालं, आणि तो पाण्यासोबत सरकत सरकत ओरडत होता, नंदुरबार आलं, नवापूर आलं, आता माझा मामा.