नाराच्या शैलीला ‘प्रतिसाद’ म्हणून चित्र करायचंय, पण नक्कलच होऊन राहिली

बर्डी_स्केच
पोर्टफोलिओसाठी लहान मुलांसारखी, कल्पक शैली असलेल्या आजच्या एका चित्रकाराला प्रतिसाद म्हणून ए-थ्री आकाराची तीन चित्रं द्यायची आहेत. जपानी चित्रकार योशितोमो नारा निवडला. पण मोठं डोकं अन् तिरके डोळे काढले की नुसतं कार्टून दिसते. वरून ॲक्रिलिकच्या सपाट भागात पट्टे उठून राहिले. कागद जाड, ३०० जीएसएमचा. नेमकं काय चुकतंय?

रंगधानी
आधी पट्ट्यांचं सांगतो. मे महिन्यात आपल्याकडे नागपुरात पारा ४५ ला टेकतो, त्यात डोक्यावर पंखा. ॲक्रिलिक दोन-तीन मिनिटांत ओढतं आणि अर्धवट सुकलेल्या कडेवरून ब्रश परत फिरला की पट्टा उठतो. मोठे भाग सकाळी आठच्या आत, पंखा बंद करून, रुंद चपट्या ब्रशने उरका. पसरट डब्यात ओला टिश्यू आणि त्यावर बटर पेपर घातला की पॅलेटवरचा रंग तासन्‌तास ओला राहतो. रंग पातळ करायला पाणीच ओतत राहू नका. थर कमजोर होतो आणि पुढचा हात फिरवताना खालचा रंग उचलला जातो. त्यासाठी ग्लेझिंग मीडियम (रंगात मिसळून तो पातळ, पारदर्शक करणारं द्रव्य) वापरा. कागद चारही बाजूंनी फळीला टेपने चिकटवून जेसोचे (रंगाआधी लावायच्या पांढऱ्या अस्तराचे) दोन हात द्या, एक आडवा, तो सुकल्यावर एक उभा.

आता डोळे. नाराच्या नव्वदच्या दशकातल्या चित्रांत बाह्यरेषा जाड आहे. अलीकडच्या मोठ्या चेहऱ्यांत ती जवळजवळ विरते आणि डोळ्यांत कितीतरी रंगांचे पातळ थर दिसतात. तुम्ही बहुतेक डोळा थेट काळ्याने भरताय, म्हणून कार्टून होतंय. पिवळ्या ऑकरने (मातकट पिवळ्याने) सुरुवात करा, मग हिरवा, मग किरमिजी, शेवटी गडद निळा. प्रत्येक थरातून खालचा दिसला पाहिजे. पांढरा ठिपका सगळ्यात शेवटी.

महाल_चौक
डोळे जमतील, पण चेहरा नाराचा आहे तोवर ती नक्कलच. चेहरा सोडा, चित्रामागची रीत घ्या. चित्रकार माधवी पारेख (जन्म १९४२) यांनी चित्रकलेचं रीतसर शिक्षण घेतलेलं नाही. युरोपातला आधुनिक चित्रकार पाउल क्ली याच्या अभ्यासांवरून त्यांनी सुरुवात केली, पण त्या आकारांत भरलं ते गुजरातमधलं आपलं गाव. गोंड चित्रकार भज्जू श्याम लंडनमध्ये भिंती रंगवायला गेले, तिथली भुयारी रेल्वे त्यांना गांडूळ दिसली. तिथलं बिग बेन घड्याळ आणि कोंबडा त्यांनी एकच केला, कारण गावात वेळ कोंबडा सांगतो. याला म्हणतात प्रतिसाद!

आपल्याकडे तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा (मुलांचा, लाकडी बैलांचा) आणि मारबत (मिरवणुकीतला भला मोठा पुतळा) दोन्ही असतात. नाराच्या चित्रांतल्या मुलीचा राग तिच्या डोळ्यांत कोंडलेला असतो, हातातला सुरा खेळण्याएवढा. मारबत तोच राग रस्त्यावर आणते, माणसांच्या कितीतरी वर, ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत. या दोन रागांना समोरासमोर आणा.

एक सांगतो, रेष मुलांसारखी यावी म्हणून डाव्या हाताने काढू नका. त्याने रेष थरथरते. लहान मुलाची रेष थरथरत नाही, ती बेधडक असते. वेगळं असतं ते मुलांचं गणित: महत्त्वाचं ते मोठं, भिंतीतून घरातली माणसं दिसतात, रस्त्याच्या दोन्ही कडांची घरं आडवी पडतात. एका चित्रात यातला एकच नियम घ्या. तिन्ही कोंबले की चित्र गोंधळतं.

बर्डी_स्केच
म्हणजे तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल कागदभर आणि दोरी धरणारं मूल कोपऱ्यात, असं चालेल? सोबत शंभर शब्द लिहायचेही आहेत.

महाल_चौक
चालेल. फक्त बैलाची चाकं गाळू नका. चाकांमुळेच तो खेळणं आहे हे कळतं, नाहीतर नुसता मोठा बैल. लिहिताना ‘शैली भावली’ असं मोघम नको. नाराकडून कोणती एक गोष्ट घेतली (मोकळी पार्श्वभूमी म्हणा) आणि कोणती मुद्दाम सोडली, तेवढं लिहा.

रंगधानी
आणि चित्रं एकावर एक रचाल तेव्हा मध्ये बटर पेपर घाला. उन्हाळ्यात ॲक्रिलिक मऊ पडतं. दोन चित्रं चिकटली तर सोडवताना दोन्हींचा रंग निघतो.