मेडिक्लेम, आणि 'गावी गेलाय'

वर एका ताईंनी विचारलंय, नवऱ्याच्या दारूच्या उपचाराचा खर्च मेडिक्लेममधून मिळेल का. बहुतेक पॉलिसींत नाही मिळत. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा दारू-ड्रग्जमुळे होणाऱ्या मानसिक अवस्थांना आजारच मानतो, विम्यात भेदभाव नको म्हणतो. तरी व्यसनावरचे उपचार पॉलिसीतल्या अपवादांच्या यादीत 'एक्सक्लुजन १२' खाली सरळ वगळलेले असतात. मला हा उघड अन्याय वाटतो. पॉलिसीचं ते पान आधी वाचा.

पण ताई, आमच्या घरी पैशांपेक्षा लाजेनेच जास्त वर्षं खाल्ली. धाकटा भाऊ मधुमेहाने अ‍ॅडमिट असता तर अख्खी सोसायटी फळं घेऊन आली असती. तो व्यसनमुक्ती केंद्रात होता, आणि आई सगळ्यांना सांगायची, 'गावी गेलाय.' परत आल्यावर शेजारचे काका नेहमीसारखे 'बसायला' बोलवायला आले. त्यांचा काय दोष, त्यांना माहीतच नव्हतं! दुसऱ्या वेळी आईने स्वतः जाऊन त्यांना खरं सांगितलं. त्यानंतर काकांनी कधी हाक मारली नाही.

पुण्यात असाल तर मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पत्नींसाठी 'सहचरी' गट आहे, तिथे तुम्ही स्वतः जा. १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन मोफत आहे.