वेगळा केलेला कचरा गाडीत एकत्रच होत असेल, तर घरी वेगळा करण्यात काय अर्थ?

पाऊलवाट:
नमस्कार. आमच्या घरी गेली काही वर्षे ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवला जातो. मात्र आमच्या शहरातील घंटागाडीत दोन्ही डबे एकाच हौद्यात उलटे केले जातात आणि त्याबद्दल आता कोणी बोलतही नाही. शेजारी हसून म्हणतात, "कशाला एवढा उपद्व्याप?" पर्यावरणाचे रक्षण हे राज्यघटनेतील मूलभूत कर्तव्यांपैकी एक आहे, हे मला माहीत आहे, तरीही रोज सकाळी डबा बाहेर ठेवताना आपण केवळ स्वतःचे समाधान करून घेत आहोत, असे वाटू लागले आहे. ज्यांनी अशा परिस्थितीतही हे नेटाने चालू ठेवले आहे, त्यांचा अनुभव काय?

सोनचाफा:
मी पुण्यात राहते, त्यामुळे इथले उदाहरण देते. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ मध्ये स्थापन झाली. तिच्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था पुढे आली आणि २००८ पासून महापालिकेशी झालेल्या करारानुसार तिचे सभासद, ज्यांत बहुसंख्य महिला आहेत, घरोघरी जाऊन कचरा घेऊ लागले. घराकडून मिळणारे मासिक शुल्क आणि सुक्या कचऱ्यातील भंगाराची विक्री, या दोहोंवर त्यांचे उत्पन्न अवलंबून असते. पुठ्ठ्यावर आमटी सांडली की त्याचा भाव जातो. दुधाची पिशवी खंगाळून दिली तर ती विकली जाते, आंबट वास मारणारी मात्र वेचणाऱ्या बाईलाच धुवावी लागते. (पिशवीचा कोपरा पूर्ण कापून टाकू नये, ही सूचना मला आमच्याकडे येणाऱ्या ताईंनीच केली. तो इवलासा तुकडा हाती लागत नाही आणि तसाच मातीत जातो.) वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, असे आवाहन संस्थेने केले ते याच कारणाने: पुडी उघडण्यापूर्वीच आत काय आहे ते समजावे. आपला डबा पुढे कोणाच्या तरी हातात जातो, एवढे लक्षात ठेवले की निदान माझ्यापुरता तरी अर्थाचा प्रश्न उरत नाही.

खराटा:
सोनचाफा यांचे म्हणणे मान्य आहे, परंतु मूळ प्रश्न विचारणाऱ्यांच्या गावी डबा कोणाच्या हातात न जाता थेट हौद्यात जातो. तिथे नुसते वर्गीकरण करत राहणे म्हणजे यंत्रणेला मोकळे सोडणे होय, असे माझे स्पष्ट मत आहे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी नागरिकांवर ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन प्रकार वेगळे ठेवण्याचे बंधन घातले, त्याचबरोबर वेगळा दिलेला कचरा वेगळाच उचलण्याची जबाबदारी स्थानिक संस्थेवर टाकली. आपण आपली बाजू पाळत असल्यामुळेच दुसऱ्या बाजूचा जाब विचारण्याचा आपला अधिकार भक्कम होतो. गाडगेबाबा दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तनात त्याच गावाला प्रश्न विचारत. आपल्याकडे त्यांचा खराटा तेवढा भिंतीवर रंगवला जातो, प्रश्न मात्र कोणी उचलत नाही. शिवाय ओला कचरा कुंडीत जिरवता येत असेल तर तो गाडीत देऊच नये. तळाला भोके पाडलेला डबा, वाळलेला पाला आणि थोडे आंबट ताक एवढ्यावर काम भागते, आणि सुका कचरा तरी कोरडा राहतो.

पाऊलवाट:
दोघांचेही आभार. ओल्या कचऱ्यासाठी कुंडीचा प्रयोग लगेच सुरू करतो. जाब विचारावा हे पटते, पण कोणाला आणि कसा? तोंडी तक्रार केली तर "बघतो" एवढेच उत्तर मिळते.

खराटा:
पहिला लेखी अर्ज आपल्या प्रभागाच्या आरोग्य निरीक्षकांकडे द्यावा आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. अर्जात "कचरा नीट उचलला जात नाही" असे मोघम न लिहिता गल्ली, वार, वेळ आणि शक्य असल्यास गाडीचा क्रमांक लिहावा. त्यावर काही घडले नाही, तर माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली दहा रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो, आणि त्याचे उत्तर तीस दिवसांच्या आत मिळणे अपेक्षित असते. तिथे "असे का होते?" हा प्रश्न उपयोगाचा नाही, कारण त्या कायद्याखाली उपलब्ध अभिलेख मिळतात, खुलासे नव्हेत. त्याऐवजी ठेकेदाराशी झालेल्या कराराची प्रत, वाहनांमध्ये ओल्या-सुक्यासाठी स्वतंत्र कप्पे असावेत अशी अट त्यात असल्यास तिचा उतारा, आणि मागील तीन महिन्यांत ठेकेदारावर झालेल्या दंडाचा तपशील मागावा. आपल्या अर्जासोबत गल्लीतील आणखी चार-पाच घरांना आपापले स्वतंत्र अर्ज द्यायला सांगा. हसणाऱ्या शेजाऱ्यांपासून सुरुवात केली तरी चालेल.